लाटसाहेबांची पानसुपारी

पाहुणा या शब्दाची व्युत्पत्ती पंडित काहीही सांगोत, माझ्या मनात त्याचे नाते 'पाहणे' या क्रियापदाशीच जुळलेले आहे. घरी येणारा पाहुणा आपल्याला पाहायला येतो. आपण त्याला पाहतो, तो थकला आहे की जाडावला आहे हे ठरवतो, चहा होतो, चार सुखदुःखाच्या गोष्टी होतात आणि तो आपल्या गावी जातो. पण पाहुण्यांची एक दुसरीही जात आहे. ती पाहायला येत नाही, दिसायला येते. तिच्यासाठी कमानी उभारतात, रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासतात, वाजंत्री बोलावतात आणि शाळेची मुले दुतर्फा उभी करतात. शाळामास्तराच्या नशिबी या दुसऱ्या जातीचे पाहुणे फार. तीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या कमानी पाहिल्या आहेत की, आता नुसत्या कमानीवरून पाहुण्याचा हुद्दा ओळखू शकतो.

तेव्हा ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला तेव्हा किल्ल्याच्या तटापेक्षा आणि राजवाड्याच्या झुंबरांपेक्षा माझे लक्ष या पाहुणचाराच्या इतिहासाकडेच लागले, यात नवल नाही. निमित्त होते भाचीच्या लग्नाचे. माझी मामेबहीण चाळीस वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या लष्करात दिलेली. लष्कर म्हणजे पलटण नव्हे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी टाकली आणि तंबूंची घरे झाली तरी नाव लष्करच राहिले. महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून अजूनही मराठी कानावर पडते. ताईच्या घरी सकाळी पोहे होतात, पण वर शेव पडते. बोलणे मराठीत सुरू होते आणि रागावताना हिंदीत जाते. आमच्या सीमाभागातल्या माणसाला हे काही नवे नाही. आमच्याकडे रागावताना कानडीत जातात, एवढाच फरक.

जयविलास राजवाडा पाहायला आमचे दाजी बरोबर आले होते. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, आणि ग्वाल्हेरचा इतिहास म्हणजे स्वतःच्या घरातली जुनी भांडणे असावीत अशा आपुलकीने सांगणारे. हा वाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली पुरा केला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. हे फिलोज घराणे इटालियन वंशाचे, पण पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. इंग्लंडचा युवराज १८७६ च्या आरंभी ग्वाल्हेरला यायचा होता. त्याला उतरायला साजेशी जागा हवी, म्हणून एवढा खटाटोप. दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी साडेतीन टनांच्या घरात आहे. ते छताला पेलेल की नाही हे पाहायला आधी छतावर हत्ती चढवले होते, अशी कथा तिथे जो तो सांगतो. खाली जेवणाच्या मेजावर चांदीच्या रुळांवरून धावणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. ती नंतरच्या माधवराव महाराजांची हौस. तिच्या डब्यांतून मद्य आणि चिरूट पाहुण्यांपुढून फिरत. कुणी सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे.

लोक ती गाडी पाहून हसतात. मलाही हसू आले. पण मग मनात आले की, हा सगळा थाट ज्यांच्यासाठी मांडला, ते या शहरात पहिल्यांदा कसे आले होते?

ते झुंबरे पाहायला आले नव्हते. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो स्वतः त्या मोहिमेबरोबर होता. गादीवर दत्तक आलेले जयाजीराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, आणि त्यांची दत्तक आई, महाराणी ताराबाई, स्वतःच अजून पोरवयाची. जानेवारी १८४४ मध्ये तह झाला, दरबारी सैन्याची संख्या ठरवून देण्यात आली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची तैनाती फौज दरबाराच्या खर्चाने वाढवली गेली. जिंकलेल्या तोफांच्या धातूतून शिपायांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदके ओतली आणि कोलकात्यात हुगळीच्या काठी स्मारक उभारले. त्या बाल महाराजांनी आयुष्यात पाहिलेला पहिला लाटसाहेब हा असा, तहाचा कागद हातात घेऊन आलेला. पुढे तीस वर्षांनी त्याच हातांनी त्यांनी जयविलास बांधला. पाहुणचाराला प्रेमाखेरीज दुसरीही कारणे असतात, हे समजायला इतिहासाच्या एम. ए. ची गरज नाही. कोणत्याही मुलीचा बाप ते सांगेल.

मधला अध्याय मराठी वाचकाला पाठ आहे. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव आग्र्याला गेले. त्याच महिन्यात राणी लढता लढता पडली आणि किल्ला इंग्रजांनी घेतला. महाराजांना गादी परत मिळाली, पण किल्ला नाही. तो इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. किल्ल्यावर गोरी पलटण आणि खाली मुरारला छावणी. म्हणजे महाराजांनी वाड्याच्या गच्चीवर उभे राहून मान वर केली की, आपल्याच किल्ल्यावर दुसऱ्याचे निशाण. हे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे चालले.

या काळात मानपानाला मात्र काही कमी नव्हते. १८७७ च्या दिल्ली दरबारात जयाजीरावांची व्यक्तिगत सलामी २१ तोफांची झाली. व्हाइसरॉयला ३१. या तोफांच्या हिशेबासाठी त्या काळी दरबारादरबारांत केवढी ईर्षा! भेटीची शिस्तही तशीच काटेकोर. आधी मिजाजपुर्सी, म्हणजे पाहुण्यांची प्रकृती कशी आहे हे विचारायला सरदारांचे शिष्टमंडळ पाठवायचे. मग भेट, मग परतभेट. कोणी गालिच्याच्या कोणत्या टोकापर्यंत सामोरे जायचे, कोणी कोणाच्या उजव्या हाताला बसायचे, नजराणा कोणी घ्यायचा आणि कोणी नुसता हात लावून परत करायचा, हे सगळे कागदावर ठरलेले. शेवटी अत्तरगुलाब आणि पानसुपारी. आपल्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बाईला विडा दिला की ओळखावे, आता उठायची वेळ झाली. दरबारातही तेच. फरक एवढाच की, इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे विडा देईपर्यंत नक्की होत नसे. आपल्या घरात आपण किती पावले चालायचे हे जेव्हा पाहुणा ठरवतो, तेव्हा ते घर कोणाचे?

१८८५ च्या अखेरीस लॉर्ड डफरिन ग्वाल्हेरला आले. सोलापूरच्या डफरिन चौकातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहे. तिथल्या बायकांच्या दवाखान्याला ते मिळाले ते त्यांच्या पत्नीने १८८५ मध्ये सुरू केलेल्या निधीमुळे. ग्वाल्हेरच्या या भेटीत लाटसाहेबांनी जयाजीरावांना सांगितले की, किल्ला आणि मुरारची छावणी तुम्हांला परत देतो. महाराज तेव्हा आजारी होते. मार्च १८८६ मध्ये किल्ला खरोखरच ताब्यात आला, आणि जूनमध्ये महाराज गेले. गादीवर आले माधवराव, दहाव्या वर्षातले. ज्या गोष्टीसाठी माणसाने जन्मभर मान वर करून पाहिले ती हाती आली, आणि भोगायला तीन महिने मिळाले.

मी हे दाजींना हळहळून बोललो. दाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही महाराजांचंच सांगताय. झाशीवाल्यांना कोणी विचारलं होतं का?"

माझ्या आईकडचे काही लोक झाशीला होते म्हणून दाजींना हा प्रश्न सुचला असेल. पण प्रश्न बिनतोड होता. किल्ला काही फुकट परत मिळाला नव्हता. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर आणि तिथला किल्ला शिंद्यांना दिला होता. आता ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार देऊन त्यांनी झाशी परत घेतली. दरबारात तोफा झाल्या त्या किल्ल्याच्या. झाशीचा उल्लेख कागदात. ज्या शहराने १८५४ मध्ये आपले संस्थान गमावले, १८५८ मध्ये आपली राणी गमावली, ते शहर पुढच्या अठ्ठावीस वर्षांत दोनदा हातोहात दिले गेले. नेवाळकरांच्या वेळेपासून तिथे राहिलेली मराठी घरे, कोष्टी, दुकानदार, पुजारी, सगळे एका सकाळी उठले तेव्हा त्यांचे सरकार बदललेले होते. त्यांच्यापुढे कोणी पानसुपारीचे तबक धरले नव्हते.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी घरांत १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख कुणाच्या तरी वाढदिवसासारखी लक्षात राहिलेली असेल. माझा जन्म त्यानंतरचा, तरी वडिलांच्या तोंडून ती इतक्या वेळा ऐकली आहे की, मी तिथे होतो असे वाटते. आदल्या रात्री मुंबई राज्यात झोपलेले गाव सकाळी म्हैसूर राज्यात जागे झाले, असे ते सांगत. ग्वाल्हेरचीही तीच तारीख आहे हे मला दाजींकडून कळले. त्याच दिवशी मध्य भारत हे राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले आणि ग्वाल्हेरचे राजधानीपण संपले. त्यांच्याकडे वकील, कारकून आणि कचेऱ्या हलल्या, आमच्याकडे शाळांचे फलक. अशा मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी मंडपात बसलेल्यांची नावे बखरीत येतात. मंडपाबाहेरच्यांची शिरगणतीत.

आणि त्याच हिवाळ्यात या लाटसाहेबांनी आणखी एक व्यवहार केला होता. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांच्या फौजा मंडालेत शिरल्या आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. तिथला राजा थिबा आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला. तोही पाहुणाच म्हणायचा! तीस वर्षे राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. म्हणजे एका हाताने ग्वाल्हेरचा किल्ला दिला जात होता आणि दुसऱ्या हाताने एक अख्खे राज्य घेतले जात होते. दोन्ही हात एकाच माणसाचे, आणि माणूस, सर्वांच्या सांगण्यावरून, अत्यंत गोड बोलणारा.

या गोड बोलण्याचा सराव त्यांना कुठे झाला हे शोधताना मी थेट कॅनडात पोहोचलो. हिंदुस्थानात येण्यापूर्वी डफरिनसाहेब १८७२ ते १८७८ कॅनडाचे गव्हर्नर-जनरल होते. ऑगस्ट १८७४ मध्ये ते ओंटारिओ प्रांताच्या दौऱ्यात ब्रँटफर्ड गावाजवळ ग्रँड नदीकाठच्या एका वस्तीला समारंभाने गेले. ही वस्ती मोहॉक आणि त्यांच्या बरोबरीच्या पाच जमातींची. यांचा मूळ मुलूख आजच्या न्यूयॉर्क राज्यात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांच्या बाजूने लढले, इंग्रज हरले आणि यांची जमीन गेली. भरपाई म्हणून १७८४ साली ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल रुंदीचा पट्टा त्यांना देण्यात आला. १७८५ मध्ये सरकारने तिथे त्यांच्यासाठी एक लाकडी प्रार्थनामंदिर बांधले. ते आजही उभे आहे. जमीन मात्र तशी राहिली नाही. विकत, भाड्याने, हुकमाने जात जात मूळ पट्ट्याचा पाच टक्क्यांच्या आसपासचा तुकडा आज त्यांच्याकडे उरला आहे.

त्या १८७४ च्या भेटीत पोशाख, मानपत्र, भाषण सारे रीतसर झाले. पण मला आवडली ती त्या वस्तीच्या प्रमुखांची हुशारी. पाच वर्षांपूर्वी राणीचा मुलगा राजपुत्र आर्थर तिथे येऊन गेला होता, आणि त्यांनी त्याला विधिपूर्वक आपल्या जमातीचा एक प्रमुख करून घेतले होते. म्हणजे पाहुण्याला घरचा करून टाकले! आता लाटसाहेब आले तेव्हा त्यांनी त्या राजपुत्राच्या नावे एक अर्ज पुढे केला. आमचा पुढारी जोसेफ ब्रँट इंग्रजांसाठी लढला, त्याचे स्मारक व्हावे. बारा वर्षे लागली. ऑक्टोबर १८८६ मध्ये ब्रँटफर्डला ते स्मारक उघडले, आणि त्यासाठी लागणारे ब्राँझ सरकारने दिलेल्या जुन्या तोफांचे होते. ज्या वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळाला त्याच वर्षी. आपल्या तोफा वितळवून कोलकात्यात स्मारक झाले ते आपल्याला हरवल्याचे. त्यांना तोफा मिळाल्या त्या त्यांच्या माणसाचे नाव राहावे म्हणून. हारतुऱ्यांच्या आडून मागणे मागावे लागते, पण मागता येते, हे त्या प्रमुखांनी ओळखले होते. जयाजीरावांनीही ओळखले होते.

मात्र एका मास्तराला त्या कथेतली दुसरी गोष्ट टोचत राहते. त्याच ब्रँटफर्डला मिशनऱ्यांनी चालवलेली मोहॉक मुलांची निवासी शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेली ही शाळा १९७० मध्ये बंद झाली. तिथे मुलांना घरापासून तोडून ठेवत, आणि आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. स्मारक मिळाले आणि भाषा गेली, असा तो सौदा. आज त्यांचे लोक मोठ्या कष्टाने मुलांना पुन्हा मोहॉक शिकवत आहेत.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मला उलट चित्र दिसले. सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये माधवरावांनी काढलेली शाळा १९०८ पासून किल्ल्यावर भरते. गोऱ्या पलटणीने रिकाम्या केलेल्या बराकींत तिचे वर्ग आणि वसतिगृहे झाली. ती गोरगरिबांची शाळा नव्हती आणि आजही नाही, हे खरे. पण जिथे बंदुका टेकून ठेवत तिथे दप्तरे टेकलेली पाहून मला त्या सगळ्या पाहुणचाराचे पहिल्यांदा काहीतरी सार्थक वाटले. झुंबरे पाहून तसे वाटले नव्हते.

आता घरचे सांगतो. आमच्या शाळेच्या वर्धापनदिनाला एक मोठे पाहुणे आले होते. नाव-हुद्दा सांगत नाही. मुख्याध्यापक झाल्यावर मी एक नियम केला आहे की, मुले रस्त्यावर उभी करायची नाहीत, वर्गात बसतील, पाहुणे आले की घंटा होईल. पाहुणे अडीच तास उशिरा आले. तोवर सातवीचा भूगोलाचा एक धडा पुरा झाला. मानपत्र कोणत्या भाषेत, यावर समितीत दोन बैठका झाल्या. पाहुण्यांना मराठी येत नाही, शाळा मराठी माध्यमाची. कोणी म्हणाले, कानडीतच करा, काम होईल. कोणी म्हणाले, मग शाळा कशाला चालवता? शेवटी ठरले की, एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचायचा. दोन्ही वाचले एकाच मुलीने. तिची आई कानडी आणि वडील मराठी आहेत, आणि दोन्हीकडचे उच्चार तिचे माझ्यापेक्षा शुद्ध आहेत. टाळ्या दोन्हींना सारख्याच पडल्या.

मानपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आम्ही दोन मागण्या घातल्या होत्या. तीन वर्गांचे गळके छप्पर, आणि मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा. पाहुण्यांनी मान डोलावली, सात मिनिटे बोलले, पानसुपारी घेतली आणि गेले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी छपराचे पत्रे आले. याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पत्रे टिकाऊ आहेत. जागा अजून रिकाम्या आहेत, आणि मराठीचे तास विज्ञानाचे शिक्षक घेतात. छप्पर मिळाले आणि भाषेचे राहून गेले. ग्रँड नदीच्या काठचे ते प्रमुख भेटले असते तर त्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

म्हणून मी समारंभांच्या विरुद्ध नाही. कमानी बांधाव्यात, शाल द्यावी, विडा द्यावा. दुबळ्याला बलवानापुढे उभे राहायची तेवढीच एक संधी असते, आणि ती सोडू नये. पण तोफा कशासाठी झाल्या हे ऐकताना, कागदात काय गेले तेही वाचावे. किल्ला मिळाला तर झाशीचे काय झाले हे विचारणारा एक दाजी प्रत्येक मंडपात असावा.

आमच्या मानपत्राची प्रत मी कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवली आहे. पुढचे पाहुणे ठरले की वरचा मजकूर त्यांच्या हुद्द्याप्रमाणे बदलेल. शेवटच्या परिच्छेदातून फक्त छप्पर काढायचे आहे.